दोन आखूड, एक लांब

अमारो लिस्बनच्या मोठ्या क्लबात खेळायला लागला, तेव्हा तिथल्या एका वर्तमानपत्राने त्याच्यावर अर्धं पान लिहिलं. हा सेतुबलच्या कोळीवाड्यातला मुलगा, समुद्राच्या वाळूत फुटबॉल शिकला, आणि त्याची आई त्याचा एकही सामना चुकवत नसे, असं त्यात होतं. आमच्या त्रॉइनो मोहल्ल्यात तो अंक हातोहात फिरला आणि लोक पोट धरून हसले. एक तर वाळूत खेळत बसायला त्याला वेळ होता कुठे? आणि आईचं म्हणाल तर लिहिणाऱ्याने निदान एकदा इथे येऊन विचारायचं तरी. ते ऐकून एकटी एतेल्विना हसली नाही. तिने तो कागद दुमडून फडताळात ठेवला आणि कांदा चिरायला घेतला.

एतेल्विना म्हणजे अमारोची आई. तारली डब्यात भरायच्या कारखान्यात ती वयाच्या अकराव्या वर्षापासून. इथल्या बायकांचं सगळं आयुष्य भोंग्यावर चालायचं. मासा घेऊन होड्या सादो नदीच्या मुखात शिरल्या की कारखाने एकामागून एक ओरडायला लागत, आणि प्रत्येकाची ओरड निराळी. एकाची सरळ लांबलचक, एकाची तीनदा तुटक, एकाची नुसतीच घोगरी. एतेल्विनाच्या कारखान्याचे दोन आखूड आणि एक लांब, आणि त्या लांबाच्या शेवटी घसा बसल्यासारखी खरखर. मासा पहाटे येई, भर जेवणात येई, कोणाच्या लग्नात येई, रविवारीसुद्धा येई. आपला भोंगा झाला की हातातलं टाकून उठायचं. चुलीवरचं शेजारणीच्या भरवशावर सोडायचं, तान्हं पोर काखेला मारायचं आणि धावत सुटायचं. फाटक लागायच्या आत पोचलं तर टेबलाशी जागा. नाही पोचलं तर पेर्पेतुआबाई, तिथली मुकादमीण, ती जागा दुसरीला देऊन मोकळी होई. मग कोण आजारी पडतंय, कोण बाळंत होतंय याची वाट बघत फाटकाशी ताटकळायचं.

चौतीस वर्षांत एतेल्विनाने एकही भोंगा चुकवला नव्हता. अमारोच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा ती टेबलाशीच होती, आणि हातातला डबा पुरा भरून मगच उठली. हे ती कधी सांगत नसे. टेबलाशी तिच्या शेजारी बसणारी कासिल्दा सांगायची, आणि दर वेळी डब्यांची संख्या वाढवून सांगायची.

अमारो चौदाव्या वर्षी धक्क्यावर लागला. होडी आणि धक्का यांच्यामध्ये एक लांब फळी टाकलेली असायची, जेमतेम दोन वीत रुंद, मासळीच्या पाण्याने बुळबुळीत. खांद्यावर भरली पाटी घेऊन त्या फळीवरून पळत वर यायचं आणि रिकामी पाटी घेऊन पळत खाली जायचं. वाटेत दोघे समोरासमोर आले तर वाट भरल्या पाटीची. रिकाम्याने एका पायावर उभं राहून सगळं अंग पाण्यावर झुकवायचं, भरला निघून गेला की परत फळीवर यायचं. नवखा हमाल हटकून पाण्यात पडतो, आणि मग त्याला महिनाभर नावं ठेवतात. अमारो पडला नाही. त्याला ते झुकणं इतकं जमलं की समोरचा आता हा उजवीकडे पडणार म्हणून बघत राही आणि हा डावीकडून निसटलेला असे. हीच त्याची मैदानातली हूल. पुढे लिस्बनकरांनी तिला काय काय नावं दिली. आम्ही तिला फळीची हूल म्हणतो.

ही हूल एतेल्विनाने फळीवर हजारदा पाहिली होती. टेबलासमोरच्या खिडकीतून धक्का दिसतो. मैदानात मात्र तिने ती कधीच पाहिली नव्हती.

दर रविवारी ती निघायची. चांगला कोट, त्याच्या आत कामाचा एप्रन, खिशात शेपट्या कापायची कात्री. मिठागराच्या बाजूला धुळीचं मैदान, एका कडेला रिकाम्या पेट्या मांडलेल्या. त्यांवर बायका बसत. खेळ सुरू होई, अमारो दिसे, बूट दुसऱ्याचे, चड्डी कोणाची तरी, आणि पाच-दहा मिनिटांत कुठला तरी भोंगा होई. कधी दुसऱ्यांचा असे. मग त्या कारखान्याच्या बायका उठून पळत आणि बाकीच्या हुश्श करून बसत. पण त्या हंगामात मासा भरपूर होता. दोन आखूड, एक लांब झालं की एतेल्विना उठे. अमारोही खेळता खेळता मान वळवून आई गेली का ते बघे. ती पाठमोरी दिसली की पुन्हा खेळाला लागे. त्याच्या लहानपणापासून हे असंच चाललेलं होतं.

मग घरी आल्यावर ती नवऱ्याला विचारायची. झेफेरिनो पूर्वी धक्क्यावर पाट्या वाहायचा. कंबर गेली तेव्हापासून दारात बसून जाळी शिवायचा, सामन्याला तेवढा जायचा.

"कसा खेळला?"

"बरा."

"बरा म्हणजे?"

"म्हणजे वाईट नाही."

"अहो, गोल केला का?"

"एक केला."

"कसा केला?"

"पायाने," झेफेरिनो म्हणायचा आणि जाळीची गाठ दातांनी ओढायचा.

याच्याकडून काही निघणार नाही म्हणून ती सोमवारी एर्कुलानो न्हाव्याच्या दुकानाशी जाऊन उभी राही. संघ त्यानेच उभा केलेला. तो गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून, वस्तरा हवेत धरून, अमारो कसा गेला, कुठून वळला, समोरचा बचावपटू कसा तोंडावर आपटला, सगळं करून दाखवी. गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसे. एतेल्विना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. पुरुषांच्या दुकानात ती कशाला जाईल. तिथूनच ऐकून घेई आणि दिवसभर टेबलाशी ते तुकडे मनात जोडत राही.

एकदा ती अमारोला म्हणाली, "मला घरातच करून दाखव की ती हूल."

"इथे? समोर कोणीतरी लागतं ना आई. बाबांना उभं करू?"

"मला नको," झेफेरिनो म्हणाला. "माझी कंबर आधीच हुलीत गेलेली आहे."

तिघेही हसले. पण तिला खरंच बघायचं होतं. आपल्या पोटचा पोरगा गावात ज्या गोष्टीसाठी ओळखला जातो, ती गोष्ट आपण सोडून सगळ्यांनी पाहिलेली आहे, हे तिला जेवताना, झोपताना, मासा निवडताना डाचत राही.

अमारो एकोणीसचा झाला त्या वर्षी जूनमध्ये एर्कुलानो धापा टाकत घरी आला. लिस्बनच्या क्लबाचा माणूस येत्या रविवारी अमारोला बघायला येणार होता. झेफेरिनोने सुई खाली ठेवली. पोराचा डावा खांदा आताच उजव्यापेक्षा खाली गेलेला होता. अजून दहा वर्षांनी तोही दारात जाळी शिवत बसणार हे त्या घरात कोणी बोलत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी एतेल्विना कासिल्दाला म्हणाली, "रविवारी मी उठणार नाही."

"म्हणजे?"

"भोंगा झाला तरी."

कासिल्दाची कात्री थांबली. "आणि तुझी जागा?"

"जाऊ दे."

"डोकं फिरलंय तुझं. फाटकाशी उभी राहशील, मग कळेल."

"राहीन. एकदाच गं. हा निवडला गेला तर लिस्बनला जाईल. मग मी कुठे बघणार?"

घरी तिने हे कोणाला सांगितलं नाही. अमारोला कळलं असतं तर जागा जाईल म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. इथेच तिचं चुकलं.

कारण भोंगा झाला आणि बाई उठली नाही, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. त्यांच्याच गल्लीतली लेओकादिया आजी एका सकाळी दारात खुर्ची टाकून बसली होती. तिचा भोंगा झाला, आजूबाजूच्या सगळ्या उठल्या, ती बसूनच राहिली. रस्त्यात गोट्या खेळणारा आठ वर्षांचा अमारो तिला हलवायला गेला. आजी केव्हाच थंड पडली होती. डॉक्टर नंतर आला. गल्लीला भोंग्यानेच कळलं होतं.

रविवार उजाडला. लिस्बनचा माणूस मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसला, अंगात राखाडी सूट, हातात वही. एतेल्विना पेटीवर बसली. खेळ सुरू झाला. अकरा मिनिटं कुठलाच भोंगा झाला नाही. त्या अकरा मिनिटांत तिने ती हूल दोनदा पाहिली. चेंडू पायाशी, अंग सगळं एका बाजूला कलंडलेलं, आता पडतो की काय, आणि समोरचे दोघे भलतीकडेच गेलेले. एर्कुलानो सांगायचा त्यात काही खोटं नव्हतं, पण खरं तर त्याला सांगताच येत नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ती घाईघाईने पुसायला लागली, कारण त्यातही वेळ जात होता.

मग भोंगा झाला. दोन आखूड, एक लांब.

कासिल्दा उठली, सगळ्या उठल्या, पळाल्या. एतेल्विनाचे पाय आपोआप उचलले जात होते. तिने दोन्ही हातांनी पेटीची कड घट्ट धरली. मैदानात चेंडू अमारोकडे होता. त्याने सवयीने मान वळवली. रिकाम्या पेट्यांच्या रांगेत आई एकटी, ताठ बसलेली.

त्याने चेंडू तिथेच टाकला आणि मैदान सोडून धावत सुटला.

"आई! काय होतंय? आई, बोल ना."

"काही होत नाही रे. जा, खेळ जा."

"मग उठली का नाहीस?"

"तुला बघत होते."

त्याला ते कळेचना. तो तिचे हात चोळत होता, कपाळ चाचपत होता, पाणी आणा म्हणून ओरडत होता. तोवर समोरच्या संघाने टाकलेला चेंडू उचलून आरामात गोल केला. सेतुबलचा एकही माणूस अमारोला बोलला नाही. सगळ्यांच्याच काळजात धस्स झालं होतं. लिस्बनच्या माणसाला मात्र कोणी काही समजावू शकेना.

"काय झालं काय?" त्याने विचारलं.

"साहेब, भोंगा झाला आणि त्याची आई उठली नाही," एर्कुलानो म्हणाला.

"मग?"

"मग म्हणजे... भोंगा झाला ना, साहेब."

साहेबाने पेनाला टोपण लावलं. असल्या मनाच्या पोराला लिस्बनच्या गर्दीत कोण उभं करणार, असं काहीतरी म्हणून तो दुपारच्याच गाडीने गेला.

एतेल्विना तशीच कारखान्याकडे धावली. फाटक लागलं होतं. सात आठवडे ती रोज त्या फाटकाशी उभी राहिली. घरी झेफेरिनो एकदाच म्हणाला, "तू तिथे बसलीसच कशाला?" अमारोने तर शब्दही काढला नाही, उलट दुप्पट पाट्या वाहू लागला, आणि ते तिला जास्त लागत होतं. पोराचं नशीब आपण स्वतःच्या हौसेपायी बुडवलं, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. ऑगस्टात एक बाई बाळंत झाली तेव्हा कुठे तिला टेबलाशी जागा मिळाली.

एर्कुलानो हट्टाला पेटला होता. त्याने लिस्बनला पत्रांवर पत्रं धाडली. ऑक्टोबरात उत्तर आलं: रविवारी येतो, पण हे शेवटचं.

शनिवारी काम सुटताना पेर्पेतुआबाईने एतेल्विनाला बाजूला घेतलं. ही बाई कधी कोणाशी गोड बोलल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

"उद्या भोंगा झाला तर येऊ नकोस. जागा मी धरून ठेवते."

एतेल्विना बघतच राहिली.

"बघतेस काय? मलाही मुलगा आहे. आणि हे बाहेर बोललीस तर दोघींचीही जागा जाईल."

या वेळी एतेल्विनाने घरी आधीच सांगितलं. अमारो भाजलेली तारली पावात घालून खात होता.

"उद्या मी उठणार नाही हं. मुकादमीणबाईनेच सांगितलंय. मला काही झालेलं नसेल. घाबरायचं नाही, पळत यायचं नाही."

"बरं," अमारो म्हणाला.

"शपथ घे."

"घेतली. आता खाऊ दे."

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. राखाडी सूटवाला आला, वही उघडून बसला. सुरुवातीला अमारो असा खेळत होता की एर्कुलानो कडेने त्याच्याबरोबर पळत होता. वीसेक मिनिटं झाली असतील, तेव्हा भोंगा झाला. दोन आखूड, एक लांब. बायका गेल्या. एतेल्विना बसून राहिली, पण या वेळी शांतपणे. जागा पक्की होती, पोराला माहीत होतं, कोणाची चोरी नव्हती.

अमारोने मान वळवली. आई बसलेली दिसली. त्याने शपथ पाळली, तो धावत आला नाही. पण त्याने पुन्हा मान वळवली. मग पुन्हा. चेंडू त्याच्या पायातून निसटून गेला. पुढचा आला तोही त्याने भलत्याच्याच पायात दिला. मग त्याने हूल द्यायला अंग कलंडवलं आणि डोळे पेट्यांकडे असल्यामुळे सरळ धुळीत आपटला. पाच वर्षांत जो फळीवरून एकदाही पडला नव्हता, तो सपाट जमिनीवर पडला. तिने हात हलवून दाखवला, मी ठीक आहे म्हणून. तो आणखीच बघायला लागला. त्याला सगळं माहीत होतं, पण माहीत असून उपयोग होत नव्हता. लिस्बनचा माणूस वहीची पानं मागे-पुढे करायला लागला.

एतेल्विना आणखी दोन मिनिटं बसली. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेली ती जागा तिला सोडवत नव्हती. मग ती उठली. तिने कोट काढून हातावर घेतला, म्हणजे आतला एप्रन लांबूनही दिसावा, आणि उशीर झालेली बाई धावते तशी धावत निघाली. तिला मागे बघायचं होतं, पण चेहरा दिसला तर तो पुन्हा थांबेल म्हणून तिने पाहिलं नाही. मिठाच्या गोदामाच्या भिंतीआड पोचल्यावर ती थांबली. मैदानात मोठा ओरडा झाला. आपला की त्यांचा, कळायला मार्ग नव्हता. परत वळून कोपऱ्यावरून नुसतं डोकावलं असतं तरी दिसलं असतं. तिने भिंतीला हात लावला, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग कारखान्याची वाट धरली.

फाटकाशी पेर्पेतुआबाई होती. "तू कशाला आलीस?"

"आले," एतेल्विना म्हणाली. मुकादमीणबाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता फाटक उघडलं.

काम सुटलं तेव्हा अमारो बाहेर उभा होता. धुळीने माखलेला, गुडघा फुटलेला, आणि तोंड हसून हसून दुखत असावं असा.

"आई, दोन गोल. मंगळवारी जायचंय. बाबांची सही पण झाली."

तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मासळीचे हात आहेत हेही तिच्या लक्षात राहिलं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि तो भडाभडा बोलत सुटला होता.

"काय झालं होतं कुणास ठाऊक. तू बसलेली दिसलीस की मला काही सुचेचना. शपथ आठवत होती, सगळं आठवत होतं, पण पायच चालत नव्हते. तू उठून गेलीस ना, तेव्हा कुठे माझं चित्त थाऱ्यावर आलं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तिकडे भोंगा नसतो. तिकडे ये आणि आरामात बस. पूर्ण सामना बघ."

"येईन हं," ती म्हणाली.

सामन्यांची तिकिटं पहिल्यापासून येत राहिली. सेतुबलहून लिस्बन काही दूर नाही. आगगाडी आणि मग नदी ओलांडायची बोट, दुपारच्या आत पोचतो माणूस. झेफेरिनो कंबर धरून दोनदा जाऊन आला. कासिल्दाही गेली. एतेल्विना एकदाही गेली नाही. कासिल्दाने फारच छळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी तिथे बसलेली त्याला दिसले आणि त्याचे पाय थांबले तर?"

आताही रविवारी तीन वाजायच्या सुमाराला, लिस्बनमध्ये शिट्टी वाजते तेव्हा, गुत्त्यातल्या रेडिओपाशी सगळा त्रॉइनो गोळा झालेला असतो. एतेल्विना थोडा वेळ घरात खुर्चीवर बसून असते. मग ती उठते, कोट घालते, रेडिओवर त्याचं नाव ऐकू येतं तिथूनही न थांबता पुढे जाते, आणि भोंगा झालेला असो वा नसो, कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत जाऊन येते. तो तिकडे नीट खेळावा म्हणून.